शेवटचा अर्धा मिलिमीटर

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट उन्हाळ्यात मधल्या मजल्यांवर थांबू लागली, तेव्हा ती दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या कमरपट्ट्याला चामड्याचे एक पाकीट होते. मी स्वतः चामडे ओले करून, लाकडी साच्यावर बसवून पाकिटे करते. त्यामुळे लोकलच्या डब्यात असो की बँकेच्या रांगेत, कुणाच्या पट्ट्याला काही अडकवलेले दिसले की माझे लक्ष आधी तिकडे जाते. हे पाकीट म्हशीच्या जाड चामड्याचे होते. तेलाने आणि घामाने त्याला काळपट तकाकी आली होती आणि त्याच्या दर्शनी बाजूवर आतल्या पक्कडीचा आकार इतका स्पष्ट उठला होता की दोन दांड्यांमधली फट आणि सांध्यावरचा गोल उंचवटासुद्धा मापता आला असता. तो माणूस लिफ्टच्या अंधाऱ्या खाचेत मान घालून काम करत होता. हात मागे जायचा, पक्कड काढायचा, काम झाले की न पाहता तिथेच परत ठेवायचा, आणि दर वेळी चामड्यातून हवा दबल्याचा अगदी हलका आवाज यायचा. तो सामान आवरू लागल्यावर मी विचारले, "दादा, हे पाकीट कुठे मिळालं?" तो म्हणाला, "घेतलेलं नाही ताई, आमच्या काकांचं आहे. त्यांची पक्कड झिजली म्हणून मी दुसरी आणली, तर ती सुरुवातीला आत शिरायलाच तयार नव्हती. आता बसली."

त्याचे ते "आता बसली" मला पुढे बरेच दिवस सतावत राहिले.

माझ्या कपाटात तेव्हा काही चष्म्याची घरे होती, एक मोजपट्टीचे पाकीट होते आणि बागेची आवड असलेल्या एका मैत्रिणीसाठी केलेले छाटणीच्या कात्रीचे म्यान होते. त्या साऱ्यांचा आकार एका रात्रीत ठरला होता आणि तो मी ठरवला होता. कडा रेखीव याव्यात, कोपऱ्यात चुणी राहू नये, सुकल्यावर बोटाने दाबले तरी भिंत आत जाऊ नये, यासाठी मी फार जपत असे आणि शेवटी गरम मेण चढवून चामडे आणखी ताठ करत असे. मध्ययुगात युरोपातले कारागीर चामडे ओलावून आणि त्याला उष्णता देऊन चिलखते व पेट्या घडवत. त्या परंपरेत ताठपणा हाच कामाचा कस मानला गेला आहे आणि त्यात सौंदर्यही आहे. पण काकांच्या कमरेला एका पक्कडीचा आकार घेतलेले आणि पुतण्याच्या कमरेला तो सोडून दुसरीचा घेतलेले ते पाकीट पाहिल्यावर मला प्रश्न पडला की घडवणाऱ्याने आकार नेमका कुठवर न्यावा आणि कुठे सोडून द्यावा.

हा प्रश्न मी बाबांपुढे मांडला, कारण साच्यांबद्दल मला जे कळते ते त्यांच्याकडून आलेले आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक ठाण्यातली वागळे इस्टेट. बाबा तिथल्या एका ओतशाळेसाठी पॅटर्नमेकरचे काम करत. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग ओतायचा तर तो आधी लाकडात करावा लागतो, वाळूत त्याचा ठसा घ्यावा लागतो आणि त्या पोकळीत वितळलेला धातू सोडावा लागतो. लाकडातला हा भाग हुबेहूब करून मात्र चालत नाही. बीड थंड होताना लांबीत साधारण एक टक्का आक्रसते, म्हणून बाबांची पट्टीच वेगळी होती: तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा अष्टमांश इंचाने मोठा होता. शाळेच्या भूमितीच्या वहीसाठी मी ती मागितली की ते काढून घेत आणि दुसरी देत. वाळूतून लाकूड उचलताना ठशाच्या कडा ढासळू नयेत म्हणून ते उभ्या भिंतींना किंचित ढाळ देत. आतला कोपरा काटकोनी राहिला तर थंड होताना धातूला नेमका तिथेच तडा जाण्याची भीती असते, म्हणून अशा कोपऱ्यात सरस लावून ते चामड्याची बारीक त्रिकोणी पट्टी बसवत आणि गोल टोकाच्या हत्याराने ती दाबून कोपऱ्याला गोलावा आणत. मी आयुष्यात हाताळलेले पहिले चामडे म्हणजे त्या पट्ट्या. आणि जो पृष्ठभाग पुढे लेथवर किंवा मिलिंगच्या यंत्रावर नेमका व्हायचा असेल तिथे ते मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवत. "पुढच्या माणसाला काम ठेवावं लागतं," असे ते सांगत. लिफ्टवाल्याची हकीकत ऐकून त्यांनी मला एवढेच विचारले, "तुझ्या कामात पुढचा माणूस कोण?"

याचे उत्तर मला लगेच देता आले नाही, कारण तोवर माझे सगळे लक्ष साच्यातच होते, आणि साचा आहेच तेवढा लक्ष खाणारा. माझे साचे दोन भागांचे असतात: वस्तूच्या आकाराचा एक ठोकळा, आणि एक चौकट, जिच्या पोकळीतून तो ठोकळा चामड्यासह उतरतो. लाकूड मी जुन्या लाकडाच्या वखारीतून आणते. ठाण्यातल्या जुन्या इमारती आणि बंगले पुनर्विकासात पाडले जातात तेव्हा त्यांच्या खिडक्यांच्या सागवानी चौकटी तिथे येऊन पडतात, बिजागऱ्यांच्या खाचा आणि रंगाचे थरावर थर अंगावर घेऊन. रंधा मारला की आतून तेलकट सोनेरी लाकूड निघते आणि सागाचा तो कडवट वास घरभर होतो. लाकूड फुगते ते तंतूंच्या आडव्या दिशेला, लांबीत जवळपास नाहीच, आणि सागवान त्यातही कमी हलते. ज्या ठोकळ्याला रात्रभर ओल्या चामड्याच्या मिठीत राहायचे आहे त्याला हा गुण फार महत्त्वाचा. ठोकळा ६० मिलिमीटर रुंद आणि चामडे २ मिलिमीटर जाड असेल तर पोकळी ६४ हवी असे गणित सांगते. प्रत्यक्षात ओले चामडे दबते, म्हणून मी ती ६३.५ ठेवते आणि रेषा ठसठशीत उमटते. त्याहून आवळली तर चौकटीची कड चामड्याचा वरचा पदर खरवडून काढते. ठोकळ्याच्या वरच्या कडेला निदान चामड्याच्या जाडीइतका गोलावा हवा, चौकटीच्या ओठालाही तितकाच हवा आणि भिंतींना ढाळ हवा, म्हणजे सुकलेले पाकीट ठोकळ्यावरून ओढताना तोंडाशी फाटत नाही. सगळ्यांत जपायचे ते कोपरे. सपाट चामड्यातून उभी भिंत काढताना सरळ बाजूंना ते नुसते वळते, कोपऱ्यात मात्र जास्तीचे चामडे स्वतःतच दाटून मावावे लागते. कोपरा ऐसपैस आणि ठोकळा उथळ असेल तर ते मावते. कोपरा अरुंद आणि ठोकळा खोल असेल तर चुणी पडते आणि मग ती कितीही घोटली तरी जात नाही. माझा प्रत्येक नवा ठोकळा बाबा अंगठ्याने चाचपतात आणि बहुतेक वेळा म्हणतात, "कोपरा मार, मग दाखव." धातू असो की कातडे, दोघांनाही काटकोन सोसत नाही, हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक आहे. शेवटी ठोकळ्यावर लाखेच्या पॉलिशचे हात द्यायचे, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही आणि त्याचा रंग चामड्यावर उतरत नाही.

चामड्यासाठी शीवला उतरून धारावी गाठावी लागते. तिथल्या दुकानांत रंगीत गुंडाळ्यांच्या भिंतीच्या भिंती उभ्या असतात आणि त्यांतले बहुतेक चामडे क्रोमचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत रूढ झाली, आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले, आणि आज जगातले बहुतांश चामडे त्याच रीतीने तयार होते. ते मऊ असते, टिकाऊ असते, पण साच्यावर कितीही ताणून सुकवले तरी सोडल्यावर पुन्हा पसरते. मला हवे असते झाडांच्या सालींनी कमावलेले, ज्याला दुकानदार बेल्टचे चामडे किंवा नुसते "व्हेज" म्हणतात. कापलेली कड पाहिली की ओळख पटते: क्रोमच्या गाभ्यात अनेकदा निळसर करडी रेघ दिसते, व्हेजची कड आरपार तपकिरी असते, आणि पाण्याचा थेंब पडताच ते गडद होते. तमिळनाडूत यासाठी तरवडाची साल वापरत आले आहेत, आपल्याकडे कोल्हापूरच्या बाजूला बाभळीची साल आणि हिरडा. कातड्याचे तंतू आणि या सालींतले टॅनिन हे तुरट द्रव्य यांची एकमेकांवरची पकड पाण्याने सैल होते, तंतू एकमेकांवरून सरकू शकतात, आणि पाणी निघून गेले की ते जिथे असतील तिथे पुन्हा धरले जातात. क्रोमची पकड पाण्याला सुटत नाही; लिफ्टवाल्याच्या पाकिटाला नव्या पक्कडीशी जुळवून घेता आले ते सालीमुळे आणि घामामुळे.

या चामड्याला पाणी लागले की जो वास येतो, तो मला पहिल्यापासून ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते बराच काळ आठवत नव्हते. तो आजीच्या सहाणेचा वास होता. बाळगुटीत हिरडा असतो आणि मायफळही असते. दोहोंत टॅनिन भरपूर. भावाची मुलगी तान्ही होती तेव्हा आजी सकाळी ते उगाळत बसे आणि स्वयंपाकघरात तुरट, जरासा मातकट वास दरवळे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतले आदिवासी जो हिरडा गोळा करतात तो औषधात जातो, रंगात जातो आणि कातड्यातही जातो. बाळाच्या जिभेवर तो जी तुरट ओढ आणतो, तीच टॅनिनची तंतूंवरची पकड आहे, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पाणी कोमट घ्यावे, हाताला सहज सोसवेल इतकेच. सालींनी कमावलेले चामडे ओले असताना ७०-८० अंशांच्या आसपास तापले तर आक्रसते आणि ते आक्रसणे परत फिरत नाही. चामडे पाण्यात धरले की त्यातून बुडबुड्यांच्या बारीक माळा निघतात. त्या थांबल्या की ते बाहेर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. मग पिशवीतून काढून थांबावे. वरून रंग जवळजवळ मूळचा झालेला असतो, पण गालाला लावले तर गारवा जाणवतो, हीच वेळ. बोटांतल्या अंगठ्या काढलेल्या आणि नखे कापलेली हवीत, कारण या वेळी चामडे पाहील ते टिपून घेते, नखाची चंद्रकोरसुद्धा. ठोकळ्यावर ते पसरायचे, मधून बाहेरच्या दिशेने तळहाताने ताणत न्यायचे आणि चौकट वरून सरळ, सर्व बाजूंनी सारखी दाबायची. एका क्षणी विरोध संपतो आणि चौकट जड आवाज करून खाली बसते. क्लॅम्प आवळल्यावर हाडाच्या गुळगुळीत पट्टीने कडा घोटत राहावे. पुसट वळणाची रेष होते, रेषेची धार होते. हा अर्धा तास मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत प्रिय आहे. त्यानंतर पंख्याच्या वाऱ्यात, उन्हाच्या दूर, ते ठोकळ्यावरच सुकू द्यायचे. ओलसर असतानाच काढले तर सुकताना थोडे आटते.

लोखंड मात्र जवळ येऊ द्यायचे नाही. जुन्या चौकटीच्या लाकडात मोडलेल्या खिळ्याचा तुकडा राहिला असेल, क्लॅम्पचा जबडा उघडा असेल किंवा ठोकळ्यात कानशीचा कीस रुतला असेल, तर ओल्या चामड्यावर तासाभरात निळसर काळा डाग उमटतो. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून होणारा हा काळा रंग माणसाने फार पूर्वी कामाला लावला आहे: जुनी शाई त्यातूनच होत असे, आणि आंध्रातल्या श्रीकाळहस्तीच्या कलमकारीत, म्हणजे कलमाने कापडावर केलेल्या चित्रकामात, कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात आणि मग लोखंड व गूळ आंबवून केलेल्या द्रावाने त्यावर काळी रेघ ओढतात. ठाण्यात पाण्याचा शटडाऊन संपल्यावर नळाला पहिल्यांदा जे तांबूस पाणी येते, त्यात चामडे भिजवले तर कलमकारी आपोआप होते. ते पाणी सोडून द्यावे, साच्याला पितळी स्क्रू वापरावेत आणि क्लॅम्पखाली प्लायचा तुकडा ठेवावा. फिका डाग लिंबाच्या रसाने बराचसा उतरतो.

ओल्या चामड्याला आकार देणे ही काही कुठून शिकून आणायची गोष्ट नव्हती, हे मला उशिरा ध्यानात आले. ठाणे स्टेशनच्या बाहेर बसणाऱ्या प्रत्येक मोचीकाकांच्या शेजारी पाण्याने भरलेले एक भांडे असे. लहानपणापासून मी ते पाहत आले आणि ते कशासाठी आहे हे कधी विचारले नाही. ते चामड्याचा तुकडा त्यात बुडवत, थोडा वेळ बाजूला ठेवत, मग कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून ठोकत. चामडे कापायची रापी, भोके पाडायची आरी, मेण लावलेला दोरा आणि ते पाणी एवढ्यावर सगळे काम चाले. आता मी तेच करते तेव्हा लोक त्याला छंद म्हणतात, प्रदर्शनात कौतुकाने हाताळतात आणि मी सांगेन ती किंमत देतात. ज्यांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातात जपले, त्यांना याच कामामुळे गावाने वेशीबाहेर ठेवले. कमावलेले चामडे सर्वांनी वापरले आणि कमावणाऱ्याचा स्पर्श नाकारला. माझ्या वाट्याला आलेले कौतुक आणि त्यांच्या वाट्याला आलेला दुरावा एकाच कामाचे आहेत, हे मला प्रत्येक प्रदर्शनात आठवते आणि त्या आनंदात एक खंत कायम राहते. आरी कशी धरावी हे मला स्टेशनजवळच्या एका मोचीकाकांनी शिकवले. कोण विचारेल त्याला मी ते आवर्जून सांगते.

पावसाळ्यात मी चामडे भिजवत नाही. आषाढ-श्रावणात ठाण्याच्या हवेत ते सुकतच नाही, आणि सावकाश सुकणाऱ्या चामड्यावर पांढरी बुरशी धरते. ते महिने लाकडाच्या कामाला बरे.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला अशाच एका पावसाळ्यात, जुने ठोकळे मापताना मिळाले. माझ्या कामातला पुढचा माणूस म्हणजे पाकीट वापरणारा. त्याची वस्तू, त्याचा घाम, त्याच्या हाताची काढण्या-ठेवण्याची तऱ्हा हे त्याचे काम आहे, आणि मी साच्यातच सगळे पुरे केले तर त्याला करायला काही उरत नाही. म्हणून आता हत्यारांच्या पाकिटांसाठी ठोकळा मी वस्तूपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान करते. बाबा पुढच्या माणसासाठी जे वाढवून ठेवत, ते मी माझ्या कामात कमी करून ठेवते. पाकीट पहिले काही दिवस तंग वाटते, मग हत्यार स्वतःची जागा करून घेते आणि त्या जागेचा नेमकेपणा कुठल्याही कानशीने येण्यासारखा नसतो. मेण आता मी फक्त कडांना लावते, अंगाला तेलाचा हलका हात देते, म्हणजे चामड्याचे तंतू हलायला मोकळे राहतात. वस्तू बदलली तर पाकीट आतून ओल्या फडक्याने पुसावे, नवी वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर आत ठेवावी आणि सकाळी काढून पाकीट वाऱ्यावर सुकवावे, एवढे मी प्रत्येकाला सांगते. चष्म्याच्या घराला हा नियम लागू नाही. काचेवर दाब येऊन चालत नाही, तिथे ठोकळा वस्तूपेक्षा मोठाच हवा आणि भिंत ताठच हवी.

सध्या बाबांच्या श्रवणयंत्राच्या डबीसाठी एक पाकीट करायचे चालले आहे. त्यांची बोटे आता थरथरतात, तंग पाकिटातून डबी ओढून काढणे त्यांना जमणार नाही, म्हणून ठोकळा सर्व बाजूंनी एक मिलिमीटर मोठा आणि तोंडाशी चांगला रुंद असावा असे माझे म्हणणे आहे. त्यांच्या मते तेवढ्याने डबी खिशात खुळखुळेल आणि अर्धा मिलिमीटर पुरे. ठोकळा ते स्वतःच करत आहेत, कानस त्यांच्याच हातात आहे, आणि तोंडाशी किती सैल ठेवायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.